तात्यांच्या तोफा

उज्जैनहून घट्टिया, आगर, सुसनेर, सोयत करत झालरापाटणला जाणारा रस्ता आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या पायाखालचा आहे. कुणी सूर्यमंदिर पाहायला गेलेले असते, कुणी नलखेड्याच्या बगलामुखीला. मी नोकरीनिमित्त या रस्त्यावर पुष्कळ फिरलो आहे. पावसाळ्यात रस्त्याची कड सोडून गाडीचे चाक शेतात उतरले की काळी माती काय करते ते ज्याने पाहिले आहे, त्याला पुढची हकीकत चटकन कळेल.

१८५८ च्या पावसाळ्यात तात्या टोपे या रस्त्याच्या वरच्या टोकाला, झालरापाटणला होते. त्यांना इंदूरला यायचे होते आणि सरळ वाट उज्जैनवरून होती. त्यांच्याजवळ ३० च्या वर तोफा होत्या. दोन आठवड्यांपूर्वी एकही नव्हती.

शाळेत आपण तात्यांचा गनिमी कावा शिकतो. ते पाठलाग करणाऱ्या इंग्रजांना चकवत राहिले, नद्या ओलांडत राहिले, शेवटी फितुरीने सापडले, एवढे सर्वांना ठाऊक असते. माझ्या डोक्यात मात्र एक साधा प्रश्न बरेच दिवस घोळत होता. देश परक्या फौजेच्या ताब्यात, आपले राज्य नाही, कारखाना नाही, खजिना नाही. मग या माणसाने तोफा आणि दारूगोळा आणला कुठून? तोफ काही काखेत लपवून नेता येत नाही. सरकारी नोकराच्या सवयीने मी वहीत जमा आणि खर्च असे दोन रकाने आखले आणि तात्यांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. तसे वाचले की त्यांच्या वाटेची बरीच कोडी सुटतात.

तात्यांचे मूळ नाव रामचंद्र पांडुरंग. जन्म १८१४ च्या सुमारास नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. वडील पांडुरंगराव दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि बाजीरावांना कानपूरजवळ ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला ठेवण्यात आले, तेव्हा हे कुटुंबही त्यांच्याबरोबर गेले. तात्या गंगेच्या काठी वाढले, पण घरात भाषा आणि रीतिरिवाज मराठी. आपल्यासारखेच म्हणा ना. टोपे हे नाव कसे पडले याच्या दोन कथा सांगतात. एक अशी की बाजीरावांनी त्यांना रत्नजडित टोपी दिली. दुसरी अशी की तोफखान्याशी संबंध होता म्हणून तोपे, आणि त्याचे टोपे. टोपीची कथा जास्त प्रचलित आहे. मला दुसरी आवडते, पण आवडीला पुरावा म्हणत नाहीत.

बाजीराव १८५१ मध्ये वारले आणि वर्षाला आठ लाखांचे पेन्शन कंपनीने बंद केले. दत्तक पुत्र नानासाहेबांच्या पदरी तात्या राहिले. बिठूरच्या दरबारात शोभेपुरती माणसे आणि शोभेपुरत्या तोफा. मे १८५७ मध्ये कानपूरच्या इंग्रजांनी आपल्या खजिन्याच्या रक्षणासाठी नानासाहेबांची मदत मागितली, तेव्हा बिठूरहून तीनेकशे माणसे आणि दोन तोफा गेल्या. माझ्या वहीतली पहिली नोंद या दोन तोफांची आहे.

पुढच्या महिन्यात कानपूरच्या पलटणी उठल्या. जनरल व्हीलरने आपल्या लोकांसाठी जी जागा निवडली ती शहराच्या दुसऱ्या अंगाला उघड्यावर होती. नदीकाठचे मोठे शस्त्रागार त्याने तसेच सोडले. ते तोफा आणि दारूगोळ्यानिशी सबंध उठाववाल्यांच्या हाती आले. तिकडे दिल्लीत ११ मे रोजीच कंपनीच्या अधिकाऱ्यांनी शहरातले शस्त्रागार स्वतः उडवून दिले होते. कानपूरला ते झाले नाही. उठावाचा पहिला दारूगोळा असा कंपनीच्याच कुलपातून निघाला.

तो फार दिवस पुरला नाही. जुलैत हॅवलॉकने कानपूर परत घेतले, १६ ऑगस्टला बिठूरलाही मोड झाला. तात्या तेव्हा पंचेचाळिशीच्या आतबाहेर होते, साधारण माझ्या आजच्या वयाचे. लढाई चालवण्याचा अनुभव नव्हता. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. माणसे मिळतात, सोडून जातात, पुन्हा मिळतात. तोफखाना शिकवलेल्या गोलंदाजांसकट तयार मिळावा लागतो. असा तयार तोफखाना त्या वेळी ग्वाल्हेरजवळ मुरारच्या छावणीत नुसता बसून होता.

ही ग्वाल्हेर कंटिंजंट फौज आपल्या लोकांनी समजून घ्यावी अशी आहे. १८४३ च्या अखेरीस महाराजपूर आणि पनिहारच्या लढायांत शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला. नंतरच्या तहाने शिंद्यांचे स्वतःचे सैन्य कमी करण्यात आले आणि त्याच्या जागी ही फौज वाढवण्यात आली. खर्च शिंद्यांचा, अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा. कवायत उत्तम, तोफा उत्तम. १४ जून १८५७ रोजी ही फौज बिथरली, पण जयाजीराव शिंदे आणि त्यांचे दिवाण दिनकरराव राजवाडे यांनी पगाराच्या आणि वायद्यांच्या गोष्टी लावून तिला महिनोन्‌महिने मुरारलाच थोपवून धरले. दिनकरराव मराठीच, आणि अतिशय हुशार माणूस. एका मराठी माणसाने अडवून ठेवलेली फौज दुसऱ्या मराठी माणसाने येऊन सोडवली. शरद ऋतूत तात्या तिथे पोहोचले, त्यांनी पलटणींशी बोलणी केली आणि नोव्हेंबरात ती फौज तोफांसकट काल्पीला नेली.

काल्पीचा यमुनेवरचा किल्ला हे तात्यांचे कोठार झाले. नुसते साठवण्याचे नव्हे, बनवण्याचेही. तिथे तोफा ओतण्याचे कारखाने चालले, तोफगाडे तयार होऊ लागले, बंदुका दुरुस्त होऊ लागल्या. पुढे मे १८५८ मध्ये ह्यू रोजने काल्पी घेतली तेव्हा जमिनीखालच्या कोठारात इंग्रजी बनावटीच्या दारूची पिंपेच्या पिंपे सापडली. देशी दारू आपल्याकडे गावोगाव तयार होत असे, शोऱ्याची उत्तर हिंदुस्थानात कमतरता नव्हती. अडचण होती ती बंदुकीच्या चापाखाली बसवायच्या तांब्याच्या टोप्यांची. त्या कंपनीच्या कारखान्यात होत. लुटून मिळाल्या तर मिळाल्या, नाहीतर चांगली बंदूक हातात असून उपयोग नाही. म्हणून उठाववाल्यांच्या फौजेत नव्या बंदुकांशेजारी जुन्या तोड्याच्या बंदुका, भाले आणि तलवारी दिसतात.

नोव्हेंबर १८५७ च्या अखेरीस तात्यांनी कानपूरवर चाल करून जनरल विंडहॅमला मागे रेटले आणि शहर घेतले. त्या लढाईत इंग्रजांचे तंबू, कपड्यांचे साठे आणि एनफिल्डची हजारो काडतुसे हाती आली. पण ६ डिसेंबरला सर कॉलिन कॅम्पबेलने कानपूरला आणि तीन दिवसांनी होप ग्रँटने गंगेच्या घाटावर गाठले आणि मिळून ३० च्या वर तोफा गेल्या. मुरारहून आणलेला तोफखाना एका आठवड्यात खर्ची पडला.

मग तात्यांनी जे केले त्यातून त्यांची पद्धत दिसते. ते बुंदेलखंडातल्या चरखारीला गेले. तिथला राजा इंग्रजांच्या बाजूचा. वेढा घालून शहर घेतले आणि २४ तोफा व तीन लाख रुपये वसूल केले. यात लुटालूटही झाली. ज्यांच्या घरावरून हे गेले असेल त्यांना स्वातंत्र्ययुद्धाची भाषा कितपत कळली असेल, कुणास ठाऊक. त्या तोफा घेऊन तात्या झाशीच्या राणीच्या मदतीला निघाले. १ एप्रिल १८५८ रोजी बेतवेच्या काठी वीस हजारांवर फौज असूनही ह्यू रोजच्या दीड हजारांपुढे त्यांचा पराभव झाला. पंचवीसच्या वर तोफा गेल्या. चरखारीची जमा थोड्याच आठवड्यांत बेतवेवर खर्च झाली.

कोंचची लढाई ७ मे रोजी हरल्यावर तात्या फौज सोडून गुपचूप ग्वाल्हेरला गेले. त्यांच्या मागे काल्पी पडली. पण तात्यांचे काम लष्करात चालू होते. शिंद्यांच्या सैन्यात त्यांनी आतून बोलणी लावली. १ जूनला जयाजीराव मुरारजवळ आपली फौज घेऊन रावसाहेब पेशवे आणि लक्ष्मीबाईंवर चालून आले, तेव्हा त्यांचे सैन्य लढलेच नाही, बहुतेक सारे पलीकडे मिळाले. जयाजीराव आणि दिनकरराव आग्र्याला निघून गेले. ग्वाल्हेरचा किल्ला, खजिना, तोफखाना, सगळे एका सकाळीत पेशव्यांच्या निशाणाखाली आले. अशी प्रचंड जमा तात्यांच्या खात्यात पुन्हा कधी पडली नाही.

ते तीन आठवडेदेखील टिकले नाही. १७ जूनला राणी लक्ष्मीबाई पडल्या, १९-२० जूनला ग्वाल्हेर गेले. २२ जूनला जौरा-अलीपूरला नेपिअरने तात्यांना गाठले आणि २५ तोफा घेतल्या.

आता राजपुतान्याकडे. जयपूरला इंग्रज आधी पोहोचले म्हणून टोंक. टोंकचा नवाब किल्ल्याची दारे लावून बसला, पण त्याची बाहेर ठेवलेली फौज चार तोफांसह तात्यांना मिळाली. वाटेत तात्यांनी नाथद्वाराला जाऊन श्रीनाथजींचे दर्शन घेतले. दुसऱ्याच दिवशी, १४ ऑगस्टला, बनास नदीवर त्या चारही तोफा गेल्या. मग पुराने भरलेली चंबळ ओलांडून ते झालरापाटणला आले.

झालावाडचे राणा पृथ्वीसिंह इंग्रजांशी एकनिष्ठ होते. पण त्यांची फौज तात्यांना पाहताच फिरली. ३० च्या वर तोफा, दारूगोळा, बैल, घोडे, सगळे तात्यांनी ताब्यात घेतले. पैशाची मागणी २५ लाखांची, तडजोड १५ लाखांवर, प्रत्यक्षात हाती आले पाच. राणा रात्री निसटून इंग्रजांच्या महू छावणीकडे गेले. जाताना राजवाड्यात दारूची पिंपे ठेवून गेले, म्हणजे विटंबनेची वेळ आलीच तर राण्यांनी स्वतःला उडवून घ्यावे. तशी वेळ आली नाही. पण ही पिंपांची गोष्ट वाचल्यावर मी बराच वेळ पुढचे पान उलटले नव्हते. तोफा कुठून आल्या या माझ्या प्रश्नाच्या उत्तरात तो राजवाडा आणि त्या बायकाही आहेत.

तात्या तिथे पाच दिवस राहिले. फौजेला तीन महिन्यांचा पगार वाटला, स्वाराला दरमहा ३० आणि पायदळ शिपायाला १२ रुपये. फौज पगारावर चालते आणि पगार थकला की कंटिंजंटसुद्धा फिरते, हे त्यांनी मुरारला पाहिलेच होते.

बेत होता इंदूरचा. १ जुलै १८५७ रोजी होळकरांच्या फौजेने रेसिडेन्सीवर तोफा डागल्या होत्या. पेशव्यांचे निशाण इंदूरजवळ दिसले तर ती फौज पुन्हा उठेल, अशी तात्यांची अटकळ. ती अगदीच चुकीची नसावी, कारण इंग्रजांनाही नेमकी तीच धास्ती होती. आपल्या भागात एक वर्षापूर्वी काय झाले ते ते विसरले नव्हते. नोव्हेंबर १८५७ मध्ये मंदसौरकडून आलेल्या लोकांनी महिदपूरच्या माळवा कंटिंजंटवर हल्ला केला, आतले बरेच शिपाई त्यांना मिळाले आणि तिथल्या तोफा ओढून नेण्यात आल्या. मेजर ऑरने हैदराबादचे घोडेस्वार घेऊन चार दिवसांत रावळ गावाजवळ त्या परत घेतल्या. म्हणजे उज्जैन जिल्ह्यातल्या महिदपूरच्या तोफाही उठावाच्या खात्यात चार दिवस जमा होत्या.

म्हणून महूहून कर्नल लॉकहार्टची तुकडी आधी उज्जैनच्या रक्षणासाठी आली आणि इथून पुढे सुसनेरला जाऊन थांबली. शिप्रेच्या काठी तात्या येणार, अशी बातमी त्या दिवसांत आपल्या शहरात घरोघर पोहोचली असणार. आपल्यातल्या किती घराण्यांचे पूर्वज तेव्हा शिंद्यांच्या नोकरीत होते! त्यांना तात्या यायला हवे होते की नको होते, हे कुणी लिहून ठेवले असेल तर माझ्या पाहण्यात नाही. आमच्या घरात तरी याविषयी कुणी कधी बोलले नाही.

लॉकहार्टची तुकडी लहान होती. तात्यांनी तिच्यावर चाल केली असती तर काय झाले असते, यावर जाणकार वाद घालतात. तात्या सुसनेरच्या वाटेला गेलेच नाहीत, पूर्वेकडे राजगढला वळले. मला वाटते, याचे उत्तर तोफांत आहे. तीस तोफा म्हणजे तीस गाडे, त्यांचे बैल, दारूगोळ्याच्या गाड्या, वैरण, आणि दिवस भाद्रपदाचे. तात्यांची माणसे हलकी होती, दिवसाला वाटेल तेवढा पल्ला मारत. तोफा मात्र बैलांच्या पावलाने चालणार आणि काळ्या मातीत आसापर्यंत रुतणार. जे मिळवण्यासाठी ते झालरापाटणला आले, त्यानेच त्यांचे पाय बांधले.

१५ सप्टेंबर १८५८. घरोघर गणपती बसलेले असतील, सार्वजनिक उत्सव यायला अजून पस्तीस वर्षे अवकाश होता. आदल्या संध्याकाळी जनरल मिशेलच्या फौजेला राजगढजवळ तात्यांचा तळ दिसला होता. तात्या रात्रीच निघाले. पण तोफगाड्यांची चाकोरी ओल्या मातीत कुणालाही दिसावी अशी. सकाळी इंग्रजांनी गाठले, थोडा वेळ लढाई झाली, आणि २७ तोफा तिथे सोडून तात्या ब्यावऱ्याच्या पलीकडच्या जंगलात नाहीसे झाले. झालरापाटणच्या तोफा महिनाभरही लाभल्या नाहीत.

त्यांचे सैन्य यात फारसे मारले गेले नाही, हे इंग्रज अधिकाऱ्यांना दर वेळी खटके. तात्या तोफा टाकत आणि माणसे वाचवत. पुढे सिरोंजला चार तोफा मिळाल्या. शिंद्यांचे ईसागढ लुटून आणखी काही. चंदेरी मात्र शिंद्यांच्या किल्लेदाराने दिली नाही. ऑक्टोबरात मंगरौली आणि सिंदवाहोच्या लढायांत या तोफाही गेल्या.

ऑक्टोबरच्या अखेरीस तात्यांनी होशंगाबादच्या वरच्या बाजूला नर्मदा ओलांडली. इंग्रजांना हा मोठा धक्का होता. पेशव्यांचा माणूस दक्षिणेत उतरला, आता महाराष्ट्र पेटणार! बैतूल, मुलताई करत तात्या नागपूरच्या हद्दीशी आले. आणि तिथे काहीच झाले नाही. याची कारणे सांगताना लोक मराठी माणसाला दोष देतात. मला माझ्या वहीतली नोंद दाखवावीशी वाटते. टोंक, चरखारी, ग्वाल्हेर, झालावाड, जिथे जिथे तात्यांना तोफा मिळाल्या ती सगळी संस्थाने इंग्रजांशी एकनिष्ठ होती. राजा इंग्रजांचा, पण तोफखाना अजून राजाचा आणि गोलंदाज आपल्या मनाचे. हेच ते कोठार. नागपूरचे राज्य डलहौसीने १८५४ मध्ये खालसा केले होते, साताऱ्याचे १८४८ मध्ये, पुण्याचे तर १८१८ मध्येच गेले होते. नागपूरच्या रिसाल्याची शस्त्रे जून १८५७ मध्येच काढून घेतली होती. तात्यांच्या जन्मभूमीत फिरवण्यासारखी फौज आणि उघडण्यासारखे कोठारच उरले नव्हते.

ते पश्चिमेला वळले. खरगोणला होळकरांच्या ठाण्यातली माणसे आणि दोन तोफा मिळाल्या. आग्रा-मुंबई रस्ता ओलांडताना तारा तोडल्या, माल भरलेल्या गाड्या लुटल्या. २५ नोव्हेंबरला बडवानीजवळ राजपूरला सदरलंडने गाठले, त्या दोन तोफा गेल्या, आणि तात्या त्याच सुमारास रात्री पुन्हा नर्मदापार झाले. आता रोख बडोद्याचा होता. गायकवाडांचा तोफखाना आणि त्यांची मराठी फौज तिथे होती. १ डिसेंबरला छोटा उदेपूरला पार्कने ती वाट बंद केली.

त्यानंतर तोफांची नोंद माझ्या वहीत नाही. बांसवाडा, प्रतापगढ, मंदसौरच्या बाजूने ते पुन्हा आपल्या माळव्यातून गेले, झिरापूर आणि बडोदजवळ डिसेंबरअखेर पाठलाग चुकवला, जानेवारीत फिरोजशाहाला भेटले, २१ जानेवारी १८५९ रोजी सीकरला शेवटचा मोड झाला. माणसे पांगली. तात्या दोन-तीन सोबत्यांसह पारोणच्या जंगलात नरवरच्या मानसिंहाकडे राहिले. शिंद्यांवर रुसलेल्या या सरदाराने स्वतःची सुटका करून घेण्यासाठी त्यांना ७ एप्रिलच्या रात्री झोपेत पकडून दिले.

कैदेत त्यांनी जी जबानी दिली ती कारकुनाने हिशेब सांगावा तशी आहे. कुठून कुठे गेलो, किती माणसे होती, कुठे किती तोफा घेतल्या आणि कुठे गेल्या. माझे बरेचसे आकडे तिथूनच आलेले आहेत. आपण पेशव्यांचे चाकर, त्यांच्या हुकुमाने लढलो, इंग्रजांची प्रजा नव्हे, म्हणून हा राजद्रोह होत नाही, एवढाच त्यांचा बचाव होता. १५ एप्रिलला सिप्रीला, म्हणजे आजच्या शिवपुरीला, लष्करी कोर्ट बसले आणि १८ एप्रिल १८५९ रोजी त्यांना फाशी देण्यात आले. फाशी गेले ते तात्या नव्हतेच, अशीही एक समजूत पुष्कळ वर्षे चालत आली आहे.

इंग्रजांनीही आपली वही लिहिली असणार. उठावानंतर त्यांनी तोफखाना, डोंगरी तोफांच्या थोड्या तुकड्या सोडल्या तर, हिंदी शिपायांच्या हाती ठेवला नाही. अवधमधल्या गढ्या पाडल्या आणि तोफा जमा केल्या. १८७८ मध्ये हत्यारांचा कायदा आला. एकनिष्ठ राहिलेल्या जयाजीरावांना मानमरातब आणि मुलूख मिळाला, पण ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर इंग्रजी फौज बसली ती बसलीच. झाशीच्या बदल्यात तो किल्ला शिंद्यांना परत मिळाला तो १८८६ साली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये जयाजीराव वारले.